ब्लॉकेज नाही, पण पंपाचं काय?

महोदय,

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्याच फाइलमध्ये टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) कागदावर ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ईएफ ३० टक्के’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर झालेला असतो, ते कोणी वाचत नाही. शेतकऱ्याला कळेल असं सांगायचं तर पाइपलाइन मोकळी आहे, मोटारच पाणी फेकत नाही. हृदयाचा डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती एका ठोक्यात बाहेर टाकतो ते ईएफ. साधारण ५५ च्या पुढे हवा. दारू, विषाणूसंसर्ग, आनुवंशिक दोष अशी कारणं असतात. बाळंतपणही एक कारण आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत धाप लागली, आडवं झोपवेना, पाय सुजले, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून डिंकाचे लाडू देत बसू नये, इको करावा.

औषधं चार गटांची असतात आणि डोस हळूहळू वाढवत नेतात. बरं वाटलं की गोळ्या बंद, ही नेहमीची चूक. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत हृदय सुधारलेल्या रुग्णांची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली, तेव्हा सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचा आजार उलटला. औषधं चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही.

आता आपल्याकडचं. ‘मीठ कमी खा’ म्हटलं की भाजीतलं मीठ कमी होतं, पापड-लोणचं-शेव तशीच राहते. पापडखारही सोडियमच! दिवसाचं सगळं मिळून मीठ एका चहाच्या चमच्याच्या आत हवं. त्यावर तोडगा म्हणून काही जण ‘लो सोडियम’ मीठ आणतात, ते तर जास्त घातक. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि या आजारात देतात त्या स्पायरोनोलॅक्टोन व रॅमिप्रिल या गोळ्या आधीच पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. (रावेर-यावलच्या केळीवर उगाच आळ घेऊ नये, किडनी धड असेल तर रोजच्या एका केळ्यानं सहसा बिघडत नाही.) म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यावर आठवड्यानं आणि पुन्हा महिन्यानं रक्तातलं पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी) तपासावं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक घेऊ नये, त्यानं अंगात पाणी साचतं आणि किडनीवर ताण येतो.

वजनकाटा मात्र घरात हवाच. सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी समजावं, पुढच्या तारखेची वाट पाहू नये. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात याच्या उलट घडतं. घामानं पाणी जातं, लघवीची गोळी चालूच असते, बीपी उतरतं, उठताना चक्कर येते. उलट्या-जुलाबातही तेच. डोस कमी करायचा की थांबवायचा, ते डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावं. डिस्चार्ज देताना हे उन्हाळ्याचं पथ्य कार्डावर मराठीत लिहून द्यावं, एवढी विनंती खानदेशातल्या डॉक्टरांना आहे.

– एक फिजिशियन, जळगाव