इथनचा खोकला आणि मिसरची वाट

वसई, २८ डिसेंबर

प्रिय शर्ली,

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, "मरिया नाही का गेली तान्ह्या बाळाला घेऊन मिसरात?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून आवाज चढला. मम्मी अजून माझ्याशी धड बोलत नाही. आज निष्पाप बालकांचा सण. मिस्साहून आलो तो लिहायलाच बसलो. इथनला खोकला असताना तुम्ही त्याला घेऊन तिकडे इजिप्तमधल्या मुहर्रकच्या मठाला जायचं की नाही, हा विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

एवढंच सांगतो, मरिया गेली नव्हती, तिला जावं लागलं. बायबलमधला मत्तयाचा दुसरा अध्याय काढ. योसेफ स्वप्नातून उठला आणि रात्रीच निघाला, उजाडायचीही वाट पाहिली नाही, कारण बेथलेहेमातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारायचा हेरोद राजाचा हुकूम सुटणार होता. मिसरच, म्हणजे इजिप्तच का? तर इसवी सनापूर्वी ३० पासून तो रोमन प्रांत होता, तिथे हेरोदाची सत्ता चालत नव्हती. शिवाय आलेक्सांद्रियात यहुद्यांची मोठी वस्ती. बेथलेहेमहून गाझा, राफा, अल-अरीश, फरमा ही किनाऱ्याची वाट धरली तर अडीचशे किलोमीटरच्या वर. बाळ कडेवर घेऊन दिवसाला पंचवीस धर, म्हणजे दहा-बारा दिवस. विहिरी बऱ्याचशा मचूळ. दिवसा ऊन आणि सूर्य कलला की एकदम गारठा. पोरांची छाती भरते ती अशाच हवेत. बघ, आलोच तिथे.

गाढव मत्तयात नाही, ते चित्रकारांनी दिलं. कॉप्टिक, म्हणजे मिसरी ख्रिस्ती लोकांच्या चित्रांत मात्र कधीकधी एक बाई बरोबर चालताना दिसेल. आपल्या नाताळच्या गोठ्यात ती नसते, म्हणून तू ओळखणार नाहीस. ती सालोमे, सुईण. म्हणजे बाळाकडे बघायला जाणतं माणूस होतं. तुमच्या गाडीत कोण असणार, विल्सन?

हे लिहायला नको होतं. विल्सन गाडी जपून चालवतो, मला ठाऊक आहे.

आणि मुहर्रकची ओढ तुला का लागली, तेही कळतं. पवित्र कुटुंब तिथे सहा महिन्यांच्या वर राहिलं अशी कॉप्टिक लोकांची श्रद्धा आहे. यशया संदेष्ट्याच्या एकोणिसाव्या अध्यायात मिसर देशाच्या मध्यभागी परमेश्वराची वेदी असेल असं म्हटलंय, ती हीच, असं ते मानतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मागच्या बाकावर झोपणारी पोरगी आज मला यशया ऐकवते, म्हणून काल भांडतानासुद्धा मला आतून बरं वाटत होतं. पण कैरोहून मुहर्रक ३०० किलोमीटरच्या वर आहे, शर्ली, आणि इथन दहा महिन्यांचा.

त्यापेक्षा असं कर. तुमच्या कैरो मेट्रोची पहिली लाइन मआदीहून जाते ती जुन्या कैरोतल्या मार गिरगिसला थांबते, पुढे मातरियालाही जाते. परंपरेतली तीन ठिकाणं एका तिकिटाच्या वाटेवर. मआदीचं नाईलकाठचं मरियेचं चर्च तर घराजवळच. तिथून ते होडीत बसून दक्षिणेला गेले असं म्हणतात. १९७६ मध्ये त्याच चर्चपाशी पाण्यावर तरंगताना एक बायबल सापडलं, ते यशयाच्या ह्याच एकोणिसाव्या अध्यायावर उघडलेलं होतं. मार गिरगिसला उतरून अबू सर्गाचं चर्च बघ. वेदीखाली तळघर आहे, कुटुंब तिथे राहिलं अशी श्रद्धा. त्यात पूर्वी जमिनीतलं पाणी भरायचं. बाबागाडी वरच ठेवा आणि दोघांनी एकदम उतरू नका. एकाने इथनला घेऊन वर थांबायचं, तळघराची दमट हवा त्याला नको. मातरियाला मरियेचं झाड आहे, आपल्या उंबराच्या जातीचं. मूळ झाड १६५६ मध्ये पडलं, आताचं त्याच्याच फुटव्याचं, असं सांगतात. मरियेने तिथे बाळाचे कपडे धुतले आणि ते पाणी सांडलं तिथे बाल्समची, म्हणजे सुगंधी डिंकाची झुडपं उगवली, ही तिथली जुनी कथा. बाळंती धुणाऱ्या बाईची आठवण दोन हजार वर्षं कोणी ठेवावी, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

६ जानेवारीच्या रात्री कॉप्टिक लोकांची नाताळची मिस्सा असते. गर्दीत पोराला नेऊ नकोस. मुहर्रकला १ जूनच्या सुमारास जा, तेव्हा मिसरप्रवेशाचा त्यांचा सण असतो. तोवर इथन चालायला लागेल. अर्थात जूनमध्ये तिकडे आग ओकणारं ऊन. उन्हात तरी कसं न्यायचं?

गोठा यंदा मी एकट्यानेच केला. तू लहानपणी दरवर्षी विचारायचीस, बाळाला भेटायला येणारे तीन राजे अजून वाटेवर आहेत तर हेरोदाने पोरं आधीच कशी मारली? पोरांचा २८ डिसेंबर आधी, राजांचा ६ जानेवारी नंतर, सणांचा क्रमच गोष्टीच्या उलटा. राजे मी अजून शोकेसच्या कडेलाच ठेवलेत, तुझ्या जागेवर.

हेरोद मेल्याचं कळल्यावर योसेफ परत आला, पण यहूदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय हे ऐकून तिकडे जायला भ्याला आणि गालीलात नासरेथला गेला. भ्याला असं मत्तय सरळ लिहितो. बापाला भीती वाटते, त्यात लपवायचं काय?

मुहर्रकचं तुम्ही दोघं ठरवा, मी काही म्हणत नाही. फक्त खोकला रात्री जास्त असतो की पहाटे, आणि दूध पिताना धाप लागते का, तेवढं आजच कळव.

तुझे पप्पा