हजार वस्तीच्या अल्बारासिनला जमलं, मग हलशीला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या खानापूर तालुक्यात कुठल्याही गावात जावा, एक तरी जुनं माती-कौलाचं घर पाडून स्लॅब टाकायचं काम चालू दिसतंय. घर गळतंय, वाळवी लागलीय, कौलं शेकारायला माणूस मिळत नाही, त्यामुळं लोकांचा पण नाईलाज आहे, त्यांना दोष द्यायचा नाही मला. पण ह्यावर दुसरा मार्ग आहे आणि एका गावानं तो करून दाखवलाय म्हणून लिहायलोय.

स्पेनमध्ये तेरुएल प्रांतात अल्बारासिन म्हणून गाव आहे, मुलगा तिकडं नोकरीला असल्यामुळं बघायला मिळालं. वस्ती जेमतेम हजारभर, उंची 1100 मीटरच्या वर, तीन बाजूंनी ग्वादालाव्यार नदीचा वळसा आणि मागं डोंगरावर चढत गेलेला तट. तटाच्या टोकाला आंदादोर नावाचा बुरूज आहे. 11व्या शतकात इथं बनू रझीन ह्या, उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर नावाच्या जमातीतल्या घराण्याचं छोटं राज्य होतं, गावाचं नाव त्यांच्यावरनंच पडलं. पुढं साधारण 1170 च्या सुमारास शेजारच्या नवार्रे राज्यातल्या आसाग्रा घराण्याकडं ते गेलं आणि कास्तील-आरागोन अशा दोन बलाढ्य राज्यांच्या मधी राहून पण शंभरेक वर्षं कुणाचं मांडलिक झालं नाही, शेवटी 1284 मध्ये आरागोनच्या तिसऱ्या पेद्रोनं वेढा घालून घेतलं. सीमेवरच्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते.

पण मला जास्त आवडली ती घरं. खालचा मजला दगडाचा, वरचे मजले लाकडी सांगाड्याचे आणि त्यावर तिथल्याच लालसर जिप्समचा गिलावा. हा दगड भट्टीत भाजून, कुटून, पाण्यात कालवून वापरतात, त्यातल्या लोहामुळं अख्खा गाव गुलाबी-तांबडा दिसतो. वरचे मजले रस्त्यावर पुढं आलेले, काही बोळांत तर समोरासमोरची छपरं एकमेकांना टेकायला आलीत. दारावरच्या लोखंडी कड्या सरड्याच्या आकाराच्या! हुलियानेताचं घर म्हणून एक आहे, वाकडंतिकडं, आता पडेल की मग पडेल असं वाटणारं, ते पाडलं नाही, दुरुस्त केलं आणि चित्रकारांना राहायला दिलं.

1961 मध्ये सरकारनं अख्खा गाव राष्ट्रीय स्मारक केला, पण नुसत्या पाटीनं काही होत नाही हे आपल्याला चांगलं माहीत आहे. खरं काम झालं ते 1980 च्या दशकात कामशाळा काढून पोरांना जुन्या पद्धतीचं गवंडीकाम, सुतारकाम शिकवलं तेव्हा. 1996 मध्ये सांता मारिया फाउंडेशन निघालं, ते दुरुस्त केलेल्या वास्तू बंद ठेवत नाही, तिथं कोर्स, मैफिली, सभा चालतात, त्यातनं गावातच रोजगार होतो.

आता आपल्या खानापूर तालुक्यातलं हलशी गाव बघा. जुन्या कदंब राजघराण्याची पलाशिका ती, त्यांचे ताम्रपट तिथं मिळालेत. भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, असं किती ठिकाणी बघायला मिळतं? देऊळ आहे म्हणून निदान चार माणसं येतात, भोवतीच्या जुन्या घरांकडं मात्र कोण बघतंय? आमच्या गावात तर देवळाच्या दगडी खांबांना ऑईलपेंट फासलाय, जुनं कोरीवकाम बुजून गेलं, सांगायला गेलो तर म्हणाले चकचकीत दिसायलंय की.

तिथलं जिप्सम आपल्या पावसात टिकणार नाही हे मला कळतंय, तिकडं पाऊस कमी. आपल्याकडं जांभ्याचा चिरा आहे, माती आहे, चुना आहे. घाण्यात चुना मळून त्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालणारे म्हातारे गवंडी अजून आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकणारं कोण नाही. म्हणून तालुक्याच्या आयटीआयमध्ये जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीचा एक कोर्स काढावा, ह्या म्हाताऱ्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं, मग ते मराठी बोलू देत नाहीतर कन्नड, आणि पहिलं काम हलशीतली दोन-चार जुनी घरं मालकांना विचारून दुरुस्त करायचं घ्यावं. घरदुरुस्तीला अनुदान देताना स्लॅबचीच अट घालू नये. आमदार, तालुका पंचायत आणि पुरातत्त्व खात्यानं एकदा एकत्र बसून हे ठरवावं अशी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव