'रिफाम्पिसिन चालते' म्हणजे सगळे चालते असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला टीबीच्या तपासणीवरचा लेख वाचला. बेडक्यातल्या जंतूची जनुके तपासणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे तालुक्यापर्यंत पोचली, ट्रूनॅट तर गोव्याच्या कंपनीचे, याचे कौतुक योग्यच. पण 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड', म्हणजे रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो, असा रिपोर्ट आला की नेहमीच्या गोळ्या लागू पडणारच, हे कोणाला विचारून छापले?

औषधाच्या बाबतीत ही नेहमीची चाचणी जंतूच्या 44 लाख अक्षरांच्या जनुकसंचातली जेमतेम 81 अक्षरे बघते, तीही आरपीओबी या एकाच जनुकातली. नेहमीच्या गोळ्यांतले दुसरे मुख्य औषध आयसोनियाझिड, त्याला निकामी करणारा बदल भलत्याच जनुकात होतो. हे औषध जंतूच्या पोटात गेल्यावर त्याच्याच केटजी एन्झाइमने जागे व्हावे लागते. त्या एन्झाइमच्या 315व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन आले की औषध झोपूनच राहते, एन्झाइमचे बाकीचे काम मात्र जवळपास चालू राहते. जंतूला फारशी झळ नाही, म्हणून हाच बदल सर्वांत जास्त आढळतो. बहुऔषधरोधी टीबीत, म्हणजे ही दोन्ही औषधे निकामी झालेल्या टीबीत, बहुधा तो आधी येतो, रिफाम्पिसिनचा नंतर. म्हणजे तुमचा 'निश्चिंत' रिपोर्ट नेमक्या मधल्या पायरीवरचाही असू शकतो: आयसोनियाझिड गेलेले, रिफाम्पिसिन अजून चालणारे.

अशा रुग्णाला नेहमीचा कोर्स दिला की शेवटचे चार महिने कामाचे उरते रिफाम्पिसिन आणि सोबतीला दुबळे इथॅम्ब्युटॉल. इथे जंतू औषधाला 'सरावतो' वगैरे काही नाही. फुप्फुसातल्या एका पोकळीत 10 कोटी ते 100 कोटी जंतू असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा साधारण 10 लाखांत एक, रिफाम्पिसिनला न देणारा 10 कोटींत एक. पहिली गोळी घेण्याआधीच दोन्ही तिथे हजर! दोघांनाही पुरून उरणारा एक कोटी कोटींत एक, म्हणून तर औषधे एकत्र देतात. त्यातले एक आधीच निकामी असेल तर हा हिशेब कोसळतो.

उपाय सरकारी कार्यक्रमातच आहे: बेडक्याचा दुसरा नमुना एलपीएला (लाइन प्रोब असे या प्रयोगशाळेतल्या जनुकचाचणीला) पाठवणे. त्यात केटजी आणि आयएनएचए ही आयसोनियाझिडशी संबंधित दोन्ही जनुके बघतात, आणि फक्त आयसोनियाझिड निकामी निघाले तर त्याच्या जागी लिव्होफ्लॉक्सासिन घालून सहा महिने उपचार होतात. घोडे अडते ते या दुसऱ्या बाटलीपाशी. सकाळचा, खोल खोकून काढलेला घट्ट बेडका 3 ते 5 मिली हवा. येते ती पातळ लाळ. किंवा बाटली दोन दिवस उन्हाळ्यात टेबलावर पडून राहते, बाकीचे जंतू माजतात, ते मारायला वापरलेल्या कॉस्टिक सोड्याने टीबीचेही निम्मे जातात. बेडक्यात जंतू कमी असले तर आधी कल्चर करावे, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवावे लागतात, त्याला 42 दिवसही लागू शकतात. अर्ध्या पानाच्या लेखात या बाटलीला एक ओळ मिळाली नाही. मंत्रिमहोदयांच्या फोटोला मात्र तीन कॉलम.

जाता जाता, 'टीबी माणसाला गायीकडून आला' ही चौकटही काढून टाका. हे मत 2002 सालीच मोडीत निघाले. गायीच्या टीबीच्या जंतूचा जनुकसंच माणसाच्या जंतूपेक्षा सुमारे 66 हजार अक्षरांनी लहान आहे, आणि हे जंतू इतरांकडून जनुके उसनी घेत नाहीत, त्यामुळे गळालेला तुकडा परत येत नाही. मग ज्याचे तुकडे गळाले तो पूर्वज कसा? दोघांचा पूर्वज तिसराच. दूध उकळून प्यावे हा त्या चौकटीतला सल्ला तेवढा बरोबर आहे, तो राहू द्या.

– एक वाचक, मिरज