'नाव बदलले आहे': कुणाला विचारून?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल, 10 ऑक्टोबरच्या पुरवणीत पान तीनवर आलेला 'दुभंगलेल्या मनाची कहाणी' हा लेख माझा आहे. म्हणजे मी पाठवला तेव्हा माझा होता. छापून आला तो कुणा 'सुरेश (नाव बदलले आहे)' यांचा. मी सुरेश नाही, आमच्या अख्ख्या खानदानात सुरेश नाही. काल सकाळपासून आमच्या सौ. 'सुरेशराव, चहा घ्या' म्हणून हसताहेत. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला नावाने हाक मारल्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही परक्याच्या नावाने.

लेखासोबत मी स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी टाचली होती: पूर्ण नाव छापावे, फोटो जोडला आहे. फोटोत मी गच्चीवर बसलो आहे, अंगात चौकड्याचा शर्ट. तुम्ही छापलेत काय, तर अंधाऱ्या खोलीत डोकं धरून बसलेला एक काटकुळा पोरगा. त्याच्या डोक्यावर भरपूर केस आहेत. त्याबद्दल खरं तर आभारच मानायला हवेत.

तुमच्या कार्यालयात फोन केला. एक मुलगी अतिशय अदबीने बोलली. 'काका, मानसिक रुग्णाचं नाव कायद्याने छापता येत नाही.' मी तीस वर्षे सरकारी नोकरीत जीआर वाचण्यातच घालवली आहेत. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा माझ्या कपाटात आहे. त्याच्या कलम 24मध्ये माध्यमांना फोटो किंवा माहिती देण्याची मनाई आहे ती रुग्णाच्या संमतीशिवाय. 'संमतीशिवाय' हा शब्द वाचायला चष्मा लागत नाही. ज्या रुग्णाला लपायचं आहे त्याच्यासाठी ते कलम केलं आहे. मला लपायचं नव्हतं, तुम्ही मला लपवलंत.

आणि लपवलंत म्हणावं तर तेही धड नाही. 'मानेवाडा भागात राहणारे, सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारे' हे सगळं जसंच्या तसं ठेवलंत. सकाळी साडेसातला पानठेल्यावर गेलो तर पेपर तिथे उघडाच होता. ठेलेवाला म्हणाला, 'काका, हे तुमचंच आलं ना?' मी हो म्हटलं. 'मंग नाव काहून बदलवलं? लाजले का बावा?'

काय सांगणार होतो मी त्याला? मी नाही, संपादक लाजले?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गडरबद्दल याच सदरात माझं पत्र आलं होतं. तेव्हा पूर्ण नाव छापलंत, वडिलांच्या नावासकट, वर प्लॉट नंबरही. मधुमेह दिनाच्या पुरवणीत सहा मधुमेहींचे हसरे फोटो होते, नावानिशी. त्यातले एक गृहस्थ तर हातात जिलबी धरून उभे होते. साखर वाढली की माणूस हसरा आणि मनाच्या आजारावर लिथियमची गोळी घेतो म्हणून मी अंधारात, हे कोणत्या नियमाने?

बरं, शीर्षक. माझा आजार बायपोलर आहे, म्हणजे कधी टोकाची निराशा तर कधी टोकाचा उन्माद. 'दुभंगलेलं मन' लोक स्किझोफ्रेनियाला म्हणतात, आणि तिथेही ते चुकीचंच आहे. मी दिलेलं शीर्षक साधं होतं, 'लिथियम आणि नागपूरचा उन्हाळा'. ते तुम्हाला रुचलं नाही, आणि त्याखालचा मजकूर तर त्याहून नाही. कारण तुम्ही काय ठेवलंत आणि काय कापलंत ते मी काल पेन्सिलने मोजलं. निराशेचा परिच्छेद पूर्ण ठेवलात. उन्मादाच्या दिवसांत मी संत्रा मार्केटमधून सहा पेट्या संत्री आणून पहाटे तीनला कॉलनीभर दारं वाजवून वाटली होती, ते उडवलंत. मे महिन्याचा परिच्छेद पूर्ण कापलात. फोनवरच्या त्या मुलीच्या भाषेत, 'तांत्रिक तपशील'.

तो तांत्रिक तपशील पुन्हा लिहितो, कारण लेख मी त्याच्यासाठीच लिहिला होता.

2016च्या मे महिन्यात साळीच्या मुलीचं लग्न काटोलला होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. (आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारचे मुहूर्त कोण काढतं, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.) आदल्या तीन दिवसांपासून गुडघा दुखत होता म्हणून मी मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याच्या गोळ्या आणल्या होत्या. मांडवात कूलर होते, पण वारा सगळा नवरदेवाकडच्यांना. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, सकाळपासून दोनदा जुलाब झालेले, आणि पाणी मागायचं तर कामात असलेल्या पोरांना किती वेळा हाक मारणार? पंगतीत बसलो तर हात इतका हलायला लागला की वरणाची वाटी शेजाऱ्याच्या मांडीवर. जीभ जड झाली. उठून हात धुवायला निघालो तर सरळ चालताच येईना, कनातीचा बांबू धरला. मागून कोणीतरी म्हणालं, 'भाऊजी सकाळीच टाकून आले वाटते.' दोन पोरांनी बखोटीला धरून मला जीपमध्ये नेऊन झोपवलं. माझ्या सौ. एकट्याच सांगत होत्या की गोळीचं काहीतरी झालं आहे. त्यांच्याकडे सगळे कीव करून बघत होते, दारुड्याच्या बायकोकडे बघतात तसे.

रात्री नागपूरला आणून रक्त तपासलं. माझी लिथियमची पातळी 0.6 ते 1.0च्या मध्ये ठेवायची असते. ती 1.9 निघाली. लिथियम शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडातून. घामाने आणि जुलाबाने पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड ते बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. आयबुप्रोफेनच्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी आणखीच अडतं. दोन दिवस सलाइनवर होतो. तेव्हापासून आमच्याकडे मार्च ते जून माठाशेजारी खडूने रेघा मारल्या जातात, एका तांब्याला एक रेघ. दर तीन महिन्यांनी तपासणी. रात्रीची गोळी नऊला घेतली असेल तर रक्त सकाळी नऊलाच द्यायचं, बारा तासांनी, नाहीतर आकडा खोटा येतो. मध्येमध्ये थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघायचं. या शहरात लिथियम घेणारा मी एकटा थोडाच आहे? पारा 45च्या वर जातो तेव्हा हे चार ओळींत माहीत असलं तर कोणाचं तरी काटोल टळेल.

त्या मांडवातली मंडळी आजही समजतात की मी पिऊन आलो होतो. मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. माझ्या नावानिशी हे पेपरात आलं असतं तर तो पेपर मी काटोलला स्वतः नेऊन दिला असता. आता काय नेऊ? सुरेश तर त्या लग्नात नव्हताच.

बँकेचाही प्रसंग होता, तोही गेला. थरथरत्या हातामुळे सही जुळत नाही म्हणून तीनदा चेक परत आले. शेवटी मी शाखेत लेखी कारण दिलं, तर काउंटरवरच्या माणसाने ते रांगेसमोर मोठ्याने वाचलं. मी म्हटलं, वाच बाबा, फक्त लिथियमचा उच्चार नीट कर. याच्या बदल्यात तुम्ही तुमच्या मनाची एक ओळ भरलीत: 'आज सुरेश या आजारातून पूर्णपणे बाहेर पडले असून आनंदी जीवन जगत आहेत.' मी असं कुठेही लिहिलेलं नाही. बाहेर कुठे पडलो? रोज रात्री नऊला गोळ्या घेतो, उद्याही घेईन. 1996 साली मला असंच वाटलं होतं की बाहेर पडलो. गोळ्या थांबवल्या आणि आठ महिन्यांनी भरती झालो. तुमची ती ओळ वाचून आज एखाद्याने गोळी बाजूला ठेवली तर ते सुरेशच्या खात्यावर टाकायचं की कोणाच्या?

चौकटीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बरोबर छापलात, तो मोठ्या अक्षरात होता, ते मात्र चांगलं केलंत. खरंच.

माझी मागणी एवढीच. दुरुस्ती त्याच पानावर छापावी, माझ्या पूर्ण नावासह, आणि ती बाहेर पडल्याची ओळ मागे घ्यावी. निविदा सूचनांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नको. मे महिन्याचा परिच्छेद आता ऑक्टोबरमध्ये छापून उपयोग नाही, तो मार्चमध्ये छापा, मी आठवण करीन. माझा फोटो परत पाठवावा, त्याची दुसरी प्रत नाही. खाली नाव, पत्ता, फोन लिहिला आहे. सही हललेली आहे, बँकेसारखी परत पाठवू नका.

आपला,
(सही, पूर्ण नाव, पत्ता, फोन)
मानेवाडा, नागपूर

ता. क. : कालच्याच अंकात पान दोनवर 'पागलखाना चौकात ट्रकची धडक' अशी बातमी आहे. तिथल्या रुग्णालयाचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. मी तिथे सात आठवडे राहिलो आहे. ऑटोवाले काय म्हणतात ते म्हणोत, पण तुमच्याकडे नावं बदलायला माणूस बसवलेला आहेच, तर त्याला तेवढा चौक द्या.