आईच्या फायलीतला पाळणा

प्रिय आई, बाबा,

बाबांचा गुडघा कसा आहे, दादा म्हणाला जिना चढायला लागलेत, ऐकून लई बरं वाटलं. इकडं पाऊस जोरात आहे पण आपल्या गल्लीत काही काळजी नाही.

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढलीय, दमट वास यायला लागला म्हणून. माझ्या भरतकामाच्या कोर्सचे सगळे सॅम्पल त्यातच निघाले, चाळीसेक तुकडे, कुठं नुसता साखळी टाका, कुठं अर्धं पान. इतकी वर्षं टाकवत नव्हते आणि उपयोगही नव्हता, आता रोज जेवणं झाली की एक तुकडा घेऊन बसते. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापल्यात, त्या तुकड्यावर ठेवून चौकट लहानमोठी करत फिरवायची, आणि खरं सांगते, चांगला भाग मधे क्वचितच असतो, कुठंतरी कोपऱ्यात हात बसलेला असतो तिथंच सापडतो. मग खडूनं खूण, कडेला अर्धा इंच जास्तीचं कापड म्हणजे माया, आणि कापायच्या आधी खुणेबाहेरून मशीनची टीप. पहिल्या तुकड्याला मी टीप मारलीच नाही, कात्री लागली आणि साखळी भराभर उसवत गेली, फार वाईट वाटलं.

आत्तापर्यंत पाच बुकमार्क झालेत आणि एक सुया ठेवायची छोटी वही. वहीची पानं बाबांच्या फाटक्या मफलरची, लोकरीत सुई छान रुतून बसते. अस्तर आईच्या जुन्या इरकलीचं. आणि बाबा, मधे कडकपणा यावा म्हणून तुम्ही शाहू मिलमधून आणलेलं ते जाड मांजरपाट घातलंय. 1906 ला शाहू महाराजांनी मिल काढली हे तुम्ही किती वेळा सांगितलंय, तिथलं कापड आता आपल्या घरात एवढंच उरलंय म्हणून अगदी जपून कापलं. ही वही तुमच्यासाठीच, पुढच्या आठवड्यात कुरिअर करते.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ट्रंकेच्या तळाशी आई तुझी शिवणक्लासची फाइल मिळाली. काज, रफू, हेम, सगळं पानावर चिकटवलेलं, हुकांच्या पानावर गंजाचे डाग पडलेत. शेवटच्या पानावर कसुतीचा, त्या कर्नाटकी भरतकामाचा, पाळणा आहे, अर्धवट. गवंती टाक्यात जाताना एकाआड एक घर भरायचं आणि परत येताना राहिलेली, म्हणून तर मागूनपुढून सारखंच दिसतं आणि गाठ कुठं नसते, हे तूच मला शिकवलंस. या पाळण्यावर तू नुसती गेलीयस, परत आलेलीच नाहीस गं, सगळा पाळणा तुटक रेघांचा आहे, दोरा तसाच लोंबतोय. कोपऱ्यात तारीख ऑगस्ट 1987. दादा ऑक्टोबरचा.

किती वेळ ते पान मांडीवर घेऊन बसले होते. याला कात्री लावायची नाही हे मी ठरवूनच टाकलंय, फ्रेम करायची तर अख्ख्या पानाची. पण परतीचे टाके मी घालू, का तू आल्यावर घालशील? तुझा हात वेगळा, माझा वेगळा, ते दिसणारच. मला वाटतं तूच घालावेस, पण डोळ्यांना त्रास होणार असेल तर तू शेजारी बस आणि मी भरते.

महाद्वार रोडला जाऊन तसाच लाल दोरा मिळतोय का बघते. तू एक पदर घेतला होतास का दोन, तेवढं फोनवर सांग.

तुमची,
ताई