कॅल्शियमच्या बाटलीवरचा आकडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत हाडांच्या घनतेवर आलेला लेख वाचला. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, के-२ जीवनसत्त्व, मॅग्नेशियम ‘नियमित घ्यावे’, असे त्यात म्हटले आहे. पण कोणी घ्यावे, किती आणि कशाबरोबर, यावर एक ओळही नाही. हेच माहीत नसल्यामुळे माझ्या आईची दोन वर्षे वाया गेली, म्हणून राहवत नाही.

आई ७२ वर्षांची. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवले, ती घाबरली. ‘गोळ्यांवरच भागवू’ म्हणाली आणि आम्हीही माना डोलावल्या. कॅल्शियमच्या बाटलीवर ठळक अक्षरांत १२५० मिलिग्रॅम लिहिले होते. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला साधारण १२०० लागते, म्हणजे एका गोळीत काम झाले, असा आमचा हिशोब. पुढे एकदा भिंग घेऊन मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा कळले की १२५० हे कॅल्शियम कार्बोनेटचे वजन. त्यात कॅल्शियम ४० टक्केच, म्हणजे ५००. कॅल्शियम सायट्रेट हा दुसरा प्रकार असता तर जेमतेम २१ टक्के. बरे, ते १२०० सुद्धा आहारासकट मोजायचे असते. रोजच्या जेवणातून किती मिळते ते आधी धरायचे आणि जे कमी पडेल तेवढेच गोळीने भरायचे. हा हिशोब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

त्याहून वाईट चूक वेळेची. आई पहाटे उठून उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, तिच्याबरोबरच ही पण घ्यायची. कार्बोनेट विरघळायला पोटातले आम्ल लागते, ते जेवणाबरोबर घ्यायचे असते. शिवाय कॅल्शियममुळे थायरॉइडचे औषध अंगी नीट लागत नाही, दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. आईचा टीएसएच (थायरॉइडचे औषध कमी पडले की रक्तात वाढणारा आकडा) वाढला, डोस वाढवला, तरी पुन्हा वाढलाच. दोन्ही गोळ्या एकदम घेता का, हे कोणी विचारले नाही आणि आम्हाला सांगायचे सुचले नाही.

तेव्हापासून मी या विषयावरचे मिळेल ते वाचते आहे. हाडाची घनता वाढणे आणि हाड न मोडणे, या दोन गोष्टी लेखात एकच धरल्या आहेत, ते मला सगळ्यात खटकले. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात ३६ हजारांहून अधिक बायकांपैकी निम्म्यांना सुमारे सात वर्षे रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिले होते. २००६ मध्ये निष्कर्ष आले. खुब्याची घनता एखाद्या टक्क्याने जास्त भरली, पण खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण खात्रीने कमी झाले असे म्हणता आले नाही, आणि मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. उलट १९९२ मध्ये फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या म्हाताऱ्या बायकांना कॅल्शियम आणि ड दिल्यावर खुब्याचे फ्रॅक्चर स्पष्टपणे कमी झाले. त्यांच्यापैकी अनेकींच्या अंगात ड जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्याला कमी आहे त्याला गोळी उपयोगी पडते. ज्याला पुरेसे आहे त्याला जास्त देऊन हाड मजबूत होत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाचे ५ लाख युनिट देऊन पाहिले, तर त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली.

हाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या, स्ट्रॉन्शियम (कॅल्शियमसारखेच एक मूलद्रव्य) असलेल्या गोळ्यांची तर मला भीती वाटते. स्ट्रॉन्शियमचा अणू कॅल्शियमपेक्षा जड असतो. तो हाडात जाऊन बसला की क्ष-किरण जास्त अडवतो, त्यामुळे हाड आहे त्याहून दाट दिसते. रिपोर्ट सुधारतो आणि माणूस निर्धास्त होतो. के-२ बद्दलचे पुरावे अजून उलटसुलट आहेत, पण रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे, हे निदान छापायला हवे होते.

मी गोळ्यांच्या विरोधात नाही. आईने शेवटी इंजेक्शन घेतले आणि त्याच्या जोडीला कॅल्शियम व ड लागतेच, रक्तातली पातळी तपासून. आता ते दुपारच्या जेवणासोबत घेते.

लेखाखाली ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असे वाक्य होते. सल्ला आम्हीही घेतला होता, फक्त बाटली घरी ठेवून गेलो होतो. पुढच्या लेखात एवढे तरी जरूर छापा की तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आपण होऊन घेत असलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि कोणती किती वाजता घेता ते सांगा.

आपली,
एक नियमित वाचक