जुन्या पगाराचा रकाना कशाला?

संपादक महोदय,

ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. पुण्याला, हैदराबादला नोकरीसाठी निघालेली पोरं रोज येतात. हल्ली कंपन्यांना पदवीच्या कागदाआधी हवी असते गेल्या तीन महिन्यांची सॅलरी स्लिप, वर बँकेचं स्टेटमेंट. परवा टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या एकाचं स्टेटमेंट स्कॅन केलं. पगार 14 हजार. त्याखाली आईच्या औषधांचे यूपीआय, भिशीचा हप्ता, मित्राकडून उसने घेतलेले 500 रुपये. एचआरवाल्यांना यातलं काय करायचं होतं कोण जाणे, पगार मात्र त्यांनी नेमका हेरला: 'सध्याच्या पगारावर 20 टक्के वाढ', म्हणजे 16,800. त्याच खुर्चीवर बसणाऱ्या पुण्याच्या मुलाला किती देतात, हे याला कोण सांगणार?

मॅसॅच्युसेट्सनं 2016 मध्ये कायदा करून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी घातली. पुढे अमेरिकेतली इतर राज्यंही त्या वाटेनं गेली. अर्थशास्त्राचे अभ्यासक जेम्स बेसेन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा बंदी असलेल्या ठिकाणी नोकरी बदलणाऱ्यांचा पगार सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेला दिसला. स्त्रियांचा, कृष्णवर्णीयांचा त्याहून जास्त.

पण नुसतं झाकून भागत नाही. अमांडा आगान आणि सोन्या स्टार या संशोधकांनी न्यू जर्सी व न्यू यॉर्कमध्ये जवळपास 15 हजार बनावट अर्ज पाठवले होते. 'पूर्वी शिक्षा झाली आहे का' हा प्रश्न अर्जातून कायद्यानं काढल्यावर मुलाखतीच्या बोलावण्यांत गोऱ्यांची कृष्णवर्णीयांवरची आघाडी 7 टक्क्यांवरून 43 वर गेली! कागद मिळाला नाही की मालक नाव बघून अंदाज बांधतो. आपल्याकडे तर आडनाव आणि पेठ कळली की झालं. तेव्हा उमेदवाराचा आकडा झाकायचा, तर मालकाचा आधी उघडा व्हायला हवा.

आपल्या देशातला 2023 चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती घेतली तरी माहिती कामापुरतीच घ्यावी. त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य तरतुदींना वर 18 महिन्यांची मुदत. तोवर पोरं स्टेटमेंट देतच राहणार. नाही म्हणायची सोय कुठे आहे?

जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांत अर्जावर जुन्या पगाराचा रकाना नसावा, आणि प्रत्येक पदापुढे पगाराचा आकडा लिहायला लावावा. आपल्या वृत्तपत्रातल्या छोट्या जाहिरातींतही 'पगार योग्यतेनुसार' असंच छापून येतं. कोलोरॅडोत 2021 पासून जाहिरातीत पगार देणं सक्तीचं आहे. आपण सक्ती नका करू, पण आकडा देणाऱ्याला दरात थोडी सूट द्यायला काय हरकत आहे?

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर